सोनोग्राफीस जाण्यापूर्वीं

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यांतील गिरड हें आमचें गांव. गांवालगतच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा असून हिंदु व मुसलमान अशा दोन्ही समाजांचे लोक तेथें पिढ्यान्‌पिढ्या नवस फेडावयास येत आलेले आहेत. या टेकडीवर वाटोळे दगड सांपडतात. त्यांच्याविषयीं दंतकथा अशी कीं, दोन फिरत्या व्यापाऱ्यांनीं बाबांची थट्टा केली, तेव्हां त्यांच्याजवळचे नारळ व इतर सारा माल दगड होऊन पडला. पुढें ते शरण आले, तेव्हां बाबांनीं वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. भूगर्भशास्त्र या दगडांची गणना झिओलाइट नांवाच्या खनिजवर्गांत करतें. लहानपणीं आम्ही ते गोळा करून आणीत असूं, आणि आंत काय आहे हें पाहण्याच्या हौसेनें फोडीत असूं. फोडल्यावांचून आंतलें कळत नसे, आणि फोडल्यावर दगड हातीं राहत नसे.

मनुष्यदेहाचीही स्थिति पुष्कळ शतकें अशीच होती. वैद्यानें नाडी पाहावी, पोट चांचपावें, जीभ पाहावी आणि आंतल्या गोष्टींचा तर्क करावा. आज खेड्यांतील मनुष्यही "सोनोग्राफी करून घ्या" हें वाक्य ऐकून दचकत नाहीं. परंतु त्या वाक्यानंतर काय करावयाचें, काय करावयाचें नाहीं, आणि आलेल्या कागदाचा अर्थ कोणास विचारावयाचा, याची माहिती मात्र सुशिक्षित घरांतही फारशी नसते. आमच्या घरीं ती नव्हती, आणि त्याचें मोल आम्हांला दोन वेळां द्यावें लागलें. त्या दोन्ही हकीगती सांगण्यापूर्वीं हें यंत्र काय करतें तें थोडक्यांत सांगतों.

ध्वनीनें पाहणें

आपल्या कानांस सेकंदाला सुमारें वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. त्यापलीकडचा तो श्रवणातीत ध्वनि. वटवाघूळ अंधारांत न अडखळतां उडतें तें याच ध्वनीच्या प्रतिध्वनीवर. डोळे निकामी केलेलें वटवाघूळही नीट उडतें, परंतु कान बंद केले कीं आपटतें, हें स्पालान्झानी या इटालियन शास्त्रज्ञानें अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतच दाखवून दिलें होतें. १८८० सालीं झाक आणि पिएर क्यूरी या फ्रेंच बंधूंना असें आढळलें कीं, कांहीं स्फटिक दाबले असतां त्यांत वीज उत्पन्न होते. उलट अशा स्फटिकांस वीज दिली असतां ते थरथरतात, हेंही लवकरच सिद्ध झालें. पहिल्या महायुद्धांत पाण्याखालच्या पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठीं लांझव्हँ यानें हाच गुण उपयोगांत आणला.

युद्धांतली ही विद्या दवाखान्यांत आली ती मुख्यतः ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांच्या चिकाटीनें. कारखान्यांत धातूच्या पत्र्यांतील भेगा शोधण्यासाठीं जें यंत्र वापरीत, तेंच त्यांनीं शरीरांतील गांठींवर लावून पाहिलें. पोटांत असाध्य कर्करोग आहे असें ज्या एका बाईविषयीं ठरलें होतें, तिच्या पोटांत या यंत्रानें पाण्यानें भरलेली मोठी गांठ दाखविली. ती शस्त्रक्रियेनें काढली आणि ती बाई वांचली. १९५८ सालीं डोनाल्ड, मॅकव्हिकर व ब्राउन या तिघांचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला, आणि तेथून या तंत्राचा प्रसार सुरू झाला.

आजच्या यंत्राचें तत्त्व तेंच आहे. डॉक्टरांच्या हातांतील लहानशा मुठींतून सेकंदाला सामान्यतः वीस लाखांपासून दीड कोटीपर्यंत कंपनांचा ध्वनि शरीरांत जातो. मऊ मांसांतून तो सेकंदाला सुमारें १५४० मीटर या गतीनें धांवतो. दहा सेंटिमीटर खोल असलेल्या अवयवावरून त्याचा प्रतिध्वनि परत येण्यास सेकंदाच्या दहा लाख भागांपैकीं अवघे एकशें तीस भाग लागतात. तेवढा काळ मोजून यंत्र अंतर काढतें आणि पडद्यावर चित्र उमटवितें. यांत क्ष-किरण मुळींच नसतात. म्हणूनच गर्भवतीसही ही तपासणी करतां येते, आणि वैद्यकीय कारणासाठीं, योग्य तितकाच वेळ केली असतां तिच्यापासून माता वा गर्भ यांस अपाय झाल्याचें इतक्या वर्षांच्या अनुभवांत सिद्ध झालेलें नाहीं. तरीपण ध्वनीनें किंचित् उष्णता उत्पन्न होते. यास्तव केवळ हौसेनें, बाळाचें चित्र संग्रहीं ठेवावें म्हणून, ती वारंवार करवून घेणें शहाणपणाचें नव्हे.

या ध्वनीचे दोन वैरी आहेत : हवा आणि हाड. हवेशीं गांठ पडली कीं तो जवळजवळ सगळाच मागें फिरतो. हाडापलीकडे तो बहुधा जात नाहीं. पाण्यांतून मात्र तो सुखानें जातो. एवढें एक सूत्र ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील साऱ्या सूचनांचा उलगडा होतो.

काकूंचा चहा

आमच्या थोरल्या काकूंना जेवणानंतर उजव्या बरगडीखालीं दुखूं लागे. डॉक्टरांनीं सोनोग्राफी सांगितली व "उपाशी पोटीं या" असें बजावलें. पहांटेच्या गाडीनें आम्ही त्यांना घेऊन निघालों. काकूंनीं अन्नाचा कण घेतला नाहीं. मात्र वाटेंत गाडी थांबली तेथें त्यांनीं कपभर चहा घेतला, आणि तो आम्हींच आणून दिला. कारण चहा म्हणजे उपासालाही चालणारी वस्तु अशी आमची सर्वांची समजूत! तपासणीच्या टेबलावर डॉक्टरांनीं यंत्र फिरविलें, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "काकू, सकाळपासून काय घेतलंत?" पित्ताशय आकसलेलें होतें. आंत खडे आहेत कीं नाहींत, तें नीट दिसेना. आम्हांला परत यावें लागलें. सत्तरीच्या बाईला पुन्हां तोच प्रवास, पुन्हां तोच उपास, आणि मधल्या आठ दिवसांत एका रात्रीं असह्य कळ! दोष कोणाचा म्हणाल तर अज्ञानाचा, आणि त्यांत आमचा वाटा सर्वांत मोठा.

कारण असें. पित्ताशय ही पित्ताची लहानशी पिशवी असून स्निग्ध अन्न पोटांत गेलें कीं ती आकुंचन पावून पित्त बाहेर सोडते. दुधाच्या चहांतही स्निग्धांश असतोच. पिशवी भरलेली असली म्हणजे तींतील खडे स्पष्ट दिसतात. रिती झाली म्हणजे नाहीं. म्हणून पित्ताशय, यकृत, स्वादुपिंड वगैरे वरच्या पोटाची तपासणी असेल तर सहा ते आठ तास कांहीं खाऊं नये. दूध, चहा, कॉफी, ताक हीं त्यांतच आलीं. तंबाखू, विडी, पानसुपारी यांनीं लाळेबरोबर वा धुराबरोबर हवा गिळली जाते व ती आंतड्यांत बसून पुढचें चित्र झांकते, तींही टाळावीं. साधें पाणी घोटभर चालतें. नेहमींच्या रक्तदाबाच्या गोळीचें काय करावें, हें आधींच विचारून ठेवावें. मधुमेहाच्या रोग्यानें तर औषध किंवा इन्शुलिन घेऊन उपाशी राहणें धोक्याचें आहे; त्यानें सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी आणि औषध केव्हां व किती घ्यावें तें आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावें. लहान मुलांना मोठ्यांचे नियम लावूं नयेत.

खालच्या पोटाची तपासणी, म्हणजे गर्भाशय, मूत्राशय किंवा प्रोस्टेट ग्रंथि यांची, असेल तर नियम निराळा. तेथें उपासापेक्षां मूत्राशय भरलेलें असणें महत्त्वाचें. तपासणीपूर्वीं सुमारें तासभर तीन-चार पेले पाणी प्यावें व लघवी रोखून धरावी. भरलेलें मूत्राशय आंतड्यांस बाजूला सारतें आणि ध्वनीला पाण्याची खिडकी उघडून देतें. मात्र रांग मोठी असेल तर कळ येईपर्यंत सोसूं नये. तेथील माणसास मोकळेपणानें सांगावें. वृद्ध पुरुषांस पुष्कळदां लघवी करून येण्यास सांगून पुन्हां पाहतात. मागें किती मूत्र उरतें हें त्यांत मोजावयाचें असतें. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि, स्तन, हातापायांच्या रक्तवाहिन्या यांच्या तपासणीस सहसा कसलीच पूर्वतयारी लागत नाहीं. कोणत्या भागाची तपासणी आहे, उपाशी यावें कीं पाणी पिऊन, आणि शुल्क किती, हे तीन प्रश्न वेळ ठरवितांनाच विचारावे व उत्तरें कागदावर लिहून घ्यावीं.

तपासणीच्या खोलींत

जातांना डॉक्टरांची चिठ्ठी, मागचे अहवाल व ओळखपत्र बरोबर घ्यावें. सैल, दोन भागांची वस्त्रें असावीं. कातडीवर जी थंड जेली लावतात ती औषध नव्हे. मूठ व कातडी यांमधील हवा हांकून देण्यापुरताच तिचा उपयोग. ती पुसली कीं जाते. तपासणी बहुधा दुखत नाहीं. दुखऱ्या जागीं थोडा दाब लागतो एवढेंच. "श्वास रोखा, कुशीवर वळा" असें सांगतील तसें करावें, कारण श्वासाबरोबर यकृत खालीं येतें व बरगड्यांच्या आडून बाहेर दिसतें.

स्त्रियांच्या कांहीं तपासण्या योनिमार्गानें करतात. त्यांत मूत्राशय रिकामें असावें लागतें. चित्र अधिक स्पष्ट मिळतें म्हणून ती पद्धति स्वीकारतात. परंतु ती काय आहे हें आधीं सांगून, स्त्रीची संमति घेऊनच ती व्हावी. अविवाहित मुलीनें तसें स्पष्ट सांगावें. तपासणारे डॉक्टर पुरुष असतील तर खोलींत एखादी स्त्री परिचारिका किंवा घरची बाई असावी असें म्हणण्यांत संकोच मानूं नये. घरांतील वडील मंडळींनींही "डॉक्टरांपुढें काय बोलायचं" असें म्हणून सुनांना गप्प बसवूं नये.

अहवाल हातीं आल्यावर

अहवाल घरीं आणून दहा जणांनीं वाचणें ही आपल्याकडील मोठी हौस. त्यांतील एकेका शब्दावर माजघरांत चर्चा होते आणि निम्मी रात्र जागून काढली जाते. सोनोग्राफी चित्र दाखविते. निदान करतो तो रोग्यास प्रत्यक्ष तपासणारा डॉक्टर. मूत्रपिंडांतील साधी पाण्याची गांठ उतारवयांत पुष्कळांना असते व बहुधा निरुपद्रवी असते. पित्ताशयांत खडे आहेत परंतु त्रास कांहींच नाहीं, अशा पुष्कळांना शस्त्रक्रिया लागत नाहीं. यकृतावर चरबी असल्याचा शेरा आजकाल फार आढळतो. तो घाबरून जाण्यासाठीं नसून आहार, वजन व व्यायाम यांकडे लक्ष देण्यासाठीं आहे.

उलट, अहवाल स्वच्छ आला म्हणजे रोग नाहीं, असेंही समजूं नये. जठरांतील व्रण या तपासणींत सहसा दिसत नाहीं. मूत्रनलिकेंतील बारीक खडा वायूच्या आड लपूं शकतो. त्यासाठीं सीटी स्कॅन लागतो. अंगानें स्थूल मनुष्याचें चित्र अस्पष्ट येतें. स्तनांतील गांठ पाहण्यास सोनोग्राफी उपयुक्त आहे, परंतु वयस्क स्त्रीच्या बाबतींत ती मॅमोग्राफीची जागा घेऊं शकत नाहीं. दुखणें चालूच असेल तर "सोनोग्राफी चांगली आली" या समाधानावर स्वस्थ बसूं नये. डॉक्टरांकडे पुन्हां जावें. आमच्या काकूंच्या दुसऱ्या तपासणींत खडे स्पष्ट दिसले, शस्त्रक्रिया झाली, आणि आज त्या एकादशीचा उपास पूर्वींसारखाच करतात, चहासकट!

गर्भवतीची सोनोग्राफी

गरोदरपणीं पहिल्या तीन महिन्यांतील तपासणीनें गर्भ गर्भाशयांतच आहे ना, एक आहे कीं दोन, त्याचे ठोके चालू आहेत ना, आणि दिवस किती झाले, हें कळतें. प्रसूतीची तारीख या वेळीं ठरते ती सर्वांत भरंवशाची. पुढच्या अहवालांत निराळी तारीख दिसली म्हणून घाबरूं नये. ती बाळाच्या वाढीवरून काढलेली असते. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या मानेमागील द्रवाची जाडी मोजतात. अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास बाळाचे अवयव एकेक करून पाहतात. ही तपासणी कधींही लांबणीवर टाकूं नये. कारण गंभीर व्यंग आढळलें तर विचार करण्यास, दुसऱ्या तज्ज्ञाचें मत घेण्यास आणि कायद्याच्या मर्यादेंत निर्णय करण्यास वेळ हाताशीं असावा लागतो. अर्थात् सर्वच व्यंगें या तपासणींत दिसतात असें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं चोविसाव्या आठवड्यापूर्वीं निदान एक सोनोग्राफी व्हावी अशी शिफारस केली आहे. पैशाची अडचण असणारांनीं हें जाणावें कीं, २०११ सालीं सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयांत गर्भवतीच्या आवश्यक तपासण्या विनामूल्य आहेत. तसेंच २०१६ पासून चाललेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांत दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींची तपासणी होते. आमच्या जिल्ह्यांत सेवाग्राम येथें कस्तुरबा रुग्णालय असून त्याच्याशीं संलग्न वैद्यकीय महाविद्यालय १९६९ सालीं, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, स्थापन झालें.

न विचारावयाचा प्रश्न

आतां दुसरी हकीगत. ती लिहितांना लेखणी अडखळते. परंतु लपवून उपयोग नाहीं.

आमच्या धाकट्या वहिनींना पांचवा महिना होता. बरोबर काकू गेल्या होत्या. पडद्यावर बाळाचें हृदय लुकलुकतांना दिसलें, आणि वहिनी तिकडे पाहत असतांनाच काकूंनीं हंसत हंसत डॉक्टरबाईंना विचारलें, "बाई, मग पेढे आणायचे कीं बर्फी?" डॉक्टरबाईंनीं हातांतली मूठ खालीं ठेवली आणि भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखविलें. त्यावर मराठींत लिहिलेलें होतें कीं, येथें गर्भलिंगनिदान केलें जात नाहीं. तो गुन्हा आहे. बाकीची तपासणी एकही शब्द न बोलतां पुरी झाली. परततांना वहिनी गाडीच्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. पुष्कळ दिवसांनीं त्या एवढेंच म्हणाल्या, "त्या खोलींत मला बाळाचे ठोके बघायचे होते. तुम्हां सर्वांना दुसरंच काहीं बघायचं होतं." काकू एकट्या अपराधी नव्हत्या. तो प्रश्न घरांतल्या प्रत्येकाच्या मनांत होता. काकूंनीं तो उच्चारला एवढाच फरक. आमच्याही मनांत तो होता.

ज्या यंत्रानें ग्लासगोच्या बाईचे प्राण वांचविले, त्याच यंत्राचा आपल्याकडे मुली नाहींशा करण्यासाठीं उपयोग झाला. जनगणनेचे आंकडे पाहा. महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें १९९१ सालीं ९४६ मुली होत्या. २००१ सालीं ९१३. आणि २०११ सालीं ८९४. हें पाप अडाण्यांचें, असें म्हणून सुशिक्षितांस हात झटकतां येणार नाहींत. तपासणीचें शुल्क भरण्याची ऐपत ज्यांना होती, त्यांच्या घरांतही हें घडलें. या विषयावर कायदा करण्यांत महाराष्ट्र १९८८ सालीं देशांत पहिला होता. केंद्राचा कायदा १९९४ सालीं संमत होऊन १ जानेवारी १९९६ पासून अंमलांत आला, व २००३ सालीं तो अधिक कडक झाला. शब्दानें, खुणेनें किंवा कोणत्याही रीतीनें गर्भाचें लिंग सांगणें हा गुन्हा आहे. म्हणजे पेढा-बर्फीची खूणही त्यांत आलीच. सांगणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दहा हजारांपर्यंत दंड आहे. तशी तपासणी करवूं पाहणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपर्यंत दंड होऊं शकतो. यांत एक गोष्ट घरांतील वडील माणसांनीं विशेष लक्षांत घ्यावी. गर्भवतीला पतीनें किंवा नातेवाइकांनींच भाग पाडलें, असें न्यायालय उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरतें. कायद्यानें सुनेची बाजू ओळखली आहे. घरानें ती ओळखावयास नको काय?

म्हणून गर्भवतीची तपासणी नोंदणी झालेल्या केंद्रांतच करावी. नोंदणीचें प्रमाणपत्र तेथें दर्शनीं लावलेलें असतें. तपासणीपूर्वीं एक नमुना भरून घेतात व "मला गर्भाचें लिंग जाणून घ्यावयाचें नाहीं" अशा प्रतिज्ञेवर गर्भवतीची सही घेतात. डॉक्टरही आपण तें पाहिलें वा सांगितलें नाहीं असें लिहून देतात. ती सही घाईनें न करतां वाचून करावी. बरोबर आलेल्या मंडळींनींही तो कागद वाचावा, म्हणजे सही सुनेची असली तरी प्रतिज्ञा साऱ्या घराची आहे हें कळेल.

वहिनींच्या पुढच्या तपासणीस काकू पुन्हां गेल्या. या वेळीं पाण्याची बाटली त्यांनींच भरून घेतली होती, आणि खोलींत न जातां त्या बाहेरच बांकावर बसल्या. वहिनी बाहेर आल्यावर काकूंनीं विचारलें, "ठोके बरे आहेत ना गं?" वहिनींनीं मान हालविली, आणि चित्राचा कागद काकूंच्या हातीं दिला. यथाकाल घरांत बाळ आलें व सुखरूप आलें. मुलगा झाला कीं मुलगी, हें येथें मुद्दामच लिहीत नाहीं.